बसलो जी

नागपूरच्या कोष्टीपुऱ्यात मारोतीच्या देवळामागच्या गल्लीत ईश्वरदास मौंदेकरचं घर होतं आणि घरात एकच माग होता, खड्ड्याचा. जमिनीत कमरेएवढा खड्डा. त्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि दोरी ओढून धोटा पळवायचा. ईश्वरदासचा बाप त्याच खड्ड्यात बसला, बापाचा बापही बसला. त्यामुळे गल्लीत कोणी कोणाला ‘बसला का गा?’ असं विचारलं की त्याचा एकच अर्थ होई : कामाला लागला का? सणानंतर, सुतकानंतर, दुखण्यातून उठल्यावर माणसं एकमेकांना हेच विचारत. ‘बसलो जी’ एवढं ऐकलं की विचारणारा निश्चिंत होऊन पुढं जाई.

राजकारणात बसण्याचा अर्थ निराळा. तिथं माणूस उभा राहतो, पडतो, निवडून येतो. आणि पैसे खाऊन किंवा धाक खाऊन त्यानं लढतीतून अंग काढून घेतलं तर तो ‘बसतो’. ईश्वरदासला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ऐन वेळी तोंडातून निघतो तो शब्द ठाऊक असलेला नसतो, सवयीचा असतो.

गल्लीची आणखी एक रीत होती. विणायला घेण्याआधी ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत खळीत भिजवून, कुंच्यानं विंचरून वाळवावं लागतं. त्याला पांजण म्हणतात. भल्या पहाटे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणायचा, दोन्ही बाजूंनी माणसं उभी करायची आणि ऊन चढायच्या आत काम उरकायचं. उशीर झाला की खळ धरते, धागा धाग्याला चिकटतो आणि सगळा ताणा वाया जातो. एका घराच्या हातांनी हे होत नाही. आज तुझ्या ताण्याला माझे हात, उद्या माझ्या ताण्याला तुझे. मात्र कोणी गल्लीशी बेइमानी केली तर त्याचे ‘हात बंद’ होत. त्यात मारहाण नाही, पंचायत नाही, शिवीगाळही नाही. पहाटे तो ताणा पसरतो आणि कोणाचंही दार उघडत नाही.

ईश्वरदासच्या बापाचे हात एकदा असे बंद झाले होते. संपाच्या दिवसांत त्यानं चोरून लुगडं विकलं म्हणून. रिकाम्या गल्लीत ताण्याचं एक टोक लहानगा ईश्वरदास धरून ठेवी, दुसरं आई धरी आणि बाप मधल्या मधे कुंचा घेऊन एकटा धावे. पुढं उभ्या आयुष्यात ईश्वरदास गल्लीतल्या प्रत्येक पांजणीला सगळ्यांच्या आधी हजर राहिला. अंगात ताप असला तरी. लोक त्याला भला माणूस म्हणत. तो भला होता की नाही हे सांगणं कठीण आहे. तो भ्यालेला होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्या भागाचे आमदार वारले. अधिवेशनाला म्हणून मुंबईला गेले आणि पेटीतून परत आले. पोटनिवडणूक लागली ती ऐन वैशाखात.

एका पहाटे गल्लीत गणपतरावच्या ताण्याची पांजण चालली होती. गणपतराव ईश्वरदासच्या समोरच्या घरात राहत असे. दोघांची दारं इतकी समोरासमोर की एकाकडे फोडणी पडली की दुसऱ्याला ठसका लागे. तिथं महादेवराव आले. महादेवराव विणकर सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी स्वतः माग सोडून कितीतरी वर्षं झाली होती. यंत्रमागाची शेड टाकायची म्हणून त्यांनी परवान्याला अर्ज केला होता आणि तो अर्ज मुंबईत कुठल्याशा टेबलावर पडून होता.

“जागा खाली झाली बावा,” महादेवराव म्हणाले. “आमदार गेले. चांगला माणूस होता. निवडून आल्यावर दोनदा दिसला, पण दोन्ही वेळा हात जोडूनच दिसला.”

माणसं हसली. कुंचे काही थांबले नाहीत.

“या खेपेले आपला माणूस उभा करू. वस्तीचे मतं एक गठ्ठा. मंग पाहा, सदरचे बंगलेवाले कसे आपल्या गल्लीत धावत येतेत.”

“तुमीच राहा ना जी उभे,” गणपतराव म्हणाला.

“मी राहिलो तं लोक म्हणतीन, अध्यक्षाले खुर्चीची हौस आली. गरीब पाहिजे. ज्याच्याकडे कोणी बोट नाही दाखवू शकणार असा पाहिजे.”

ईश्वरदास वाकून कुंचा फिरवत होता. मान वर केली तेव्हा सगळी गल्ली त्याच्याकडे पाहत होती.

“मले?” तो म्हणाला. “काहून गरिबाची गंमत करून राहिले जी?”

“गंमत नाही गा. तुह्यावर कोणाचा राग नाही. आपल्याले तेच पाहिजे.”

महादेवरावांचं गणित सोपं होतं. सरळ माणूस पुढं उभा केला की त्याच्या मागं काय चाललं आहे ते दिसत नाही.

ईश्वरदासनं कुंचा खाली ठेवला. मग म्हणाला, “पडाचं भेव नाही मले. पण काही झालं तरी माह्ये हात बंद करू नका. एवढं सांगा. मंग उभा राहतो.”

“अबे, आमदार झाल्यावर तू काय पांजण करत बसशीन?” कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. पण ईश्वरदास हसला नाही. तेव्हा महादेवरावांनी ओल्या ताण्यावर हात ठेवला. “या सुताची आण,” ते म्हणाले. मग गणपतरावनं हात ठेवला, मग एकेकानं. बोटांना खळ लागली ती सगळ्यांनी धोतराला पुसली.

घरी जनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ही बातमी ऐकली आणि तव्यावरची भाकर उलटायची विसरली.

“तुमी उभे राहाल तं मागावर कोण बसन?”

“थोड्या दिवसांचं काम हाय वं.”

“अर्धं लुगडं मागावर हाय. इतवारीचा शेठ थांबन का तुमची आमदारकी होईपावतर?”

“वस्तीनं म्हटलं.”

“वस्तीनं!” जनाबाई म्हणाली. “वस्तीनं तुमच्या बापाले काय म्हटलं होतं, इसरले?”

तो विसरला नव्हता. म्हणून तर तो नाही म्हणू शकला नव्हता.

अपक्ष म्हणून त्याला शिडीची निशाणी मिळाली. एका रंगाऱ्याची बांबूची शिडी मागून आणली आणि ती खांद्यावर घेऊन दोघंजण पुढं, त्यांच्या मागं ईश्वरदास, त्याच्या मागं गल्ली, अशी मिरवणूक निघू लागली. पहिल्या सभेला त्याला टांग्यात उभं केलं तर त्यानं टांग्याचा दांडा घट्ट धरला. आयुष्यभर पाय खड्ड्यात सोडलेला माणूस. उभ्यानं बोलायची सवय कुठली? “सूत महाग झालं. पोट महाग झालं. मी तुमच्यातला हाओ,” एवढं बोलून तो खाली उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सभेला दुप्पट माणसं आली. तिसरीला बाया आल्या. रात्री जनाबाई त्याच्या पोटऱ्यांना तेल लावी आणि तो आढ्याकडे पाहत म्हणे, “जनाबाई, लोक ऐकून राहिले वं.” ती म्हणे, “पाय हलवू नका.”

या गर्दीची खबर सदरला पोचली. तिथं बड्या पक्षाच्या उमेदवाराचं निवडणूक कार्यालय होतं आणि ते कृष्णकांत नावाचे एक वकील चालवत. हे वकील एका दुपारी महादेवरावांकडे जेवायला आले. सावजी रश्श्यानं त्यांना दरदरून घाम फुटला. रुमालानं तोंड पुसत पुसतच त्यांनी बोलणं उरकलं. अर्ज मागं घ्यायची तारीख उलटून गेली होती, तेव्हा कागदावर आता ईश्वरदासला बसवता येत नव्हतं. बसवायचं तर ते लोकांच्या कानातच बसवावं लागणार होतं. यंत्रमागाच्या परवान्याचा विषय वकिलांनी काढला की महादेवरावांनी, ते तिसऱ्या कोणाला माहीत नाही. दारातली मोटार ईश्वरदासनं पाहिली. त्यानं विचारलं तेव्हा महादेवराव म्हणाले, “पेपरवाले साहेब हायेत. मुलाखत घ्याले येऊन राहिले तुही. विणकर उमेदवार म्हणजे मागावर दिसला पाहिजे. उद्या फिरू नको. मागावर बस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरदास बऱ्याच दिवसांनी मागावर बसला. खड्ड्यातला गारवा पायांना लागला आणि त्याला एकदम बरं वाटलं. गल्लीत प्रत्येक मागाचा आवाज वेगळा होता आणि तो सगळ्यांना ओळखू येई. ईश्वरदासच्या मागाची उजवीकडची फळी सैल होती. धोटा तिथं आदळला की ‘खट्’ आणि मागोमाग बारीक ‘टिक्’ होई.

ती टिक् ऐकून समोरच्या दारातून गणपतराव ओरडला, “बसला का गा?”

“बसलो जी,” ईश्वरदास ओरडून म्हणाला.

थोड्या वेळानं कृष्णकांत वकील आले. बाजेवर टेकले आणि मांडीवर काळा टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी बटण दाबलं.

“चालू ठेवा, चालू ठेवा. मागाचा आवाज येऊ द्या. काय ईश्वरदासभाऊ, बसलात मग शेवटी?”

“बसलो जी.”

“बरेच दिवस उभे होतात.”

“हाओ. लय झालं. पाय दुखून आले.”

“मग बसावंसं का वाटलं?”

“न बसून कसं चालन साहेब? पोटाले लागते ना.”

“कोणी सांगितलं बसायला?”

“बायको तं रोजच म्हणे, बसा म्हणून,” ईश्वरदास हसत म्हणाला.

“जबरदस्ती नाही ना कोणाची?”

“जबरदस्ती कायची जी? आपल्या मनानं बसलो. बसल्यावर बरं वाटलं.”

वकिलांनी बटण बंद केलं, जनाबाईनं आणलेला चहा घेतला, चहाची तारीफ केली आणि गेले.

“हा माणूस सुताचं काहीच काहून नाही पुसला?” जनाबाईनं कपबशी उचलता उचलता विचारलं. “भावाचं नाही, गल्लीचं नाही. नुसतं बसणं बसणं.”

“साहेब लोक हायेत वं. त्यायले मागाची काय खबर?”

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी एक सायकलरिक्षा गल्लीत आली. रिक्षावर भोंगा बांधलेला. ‘विणकर बंधूंनो, तुमचा उमेदवार काय म्हणतो ते त्याच्याच तोंडून ऐका,’ अशी हाळी झाली आणि मग खट्-टिक्, खट्-टिक् असा माग वाजू लागला. गल्लीतले सगळे माग थांबले. ईश्वरदास दारात येऊन उभा राहिला. भोंग्यातून त्याचाच आवाज येत होता. तो पहिल्यांदा हसला. आपली मुलाखत इतकी मोठ्यानं वाजते आहे याचा त्याला आनंद झाला, आणि त्यानं आत वळून जनाबाईला हाक मारली : “ये वं, ऐक!”

“बसलो जी,” भोंगा म्हणाला. “पोटाले लागते ना. आपल्या मनानं बसलो.”

जनाबाई दारात आली तोवर रिक्षा गल्लीच्या टोकाहून वळून दुसरी फेरी मारायला लागली होती. या खेपेला ईश्वरदासला कळलं.

तो रिक्षामागं धावला. चौकात माणसं जमली होती, महादेवरावही होते.

“मी मागावर बसलो म्हणून सांगितलं जी! मागावर!”

“हाओ ना,” एकजण म्हणाला. “आमीबी तेच ऐकलं. पोटाले लागते.”

“किती लागलं रे पोटाले?” दुसऱ्यानं विचारलं.

“महादेवराव, तुमीच तं मले बसाले सांगितलं!”

महादेवरावांनी एक हात कपाळाला लावला. “ऐका बावा. आता म्हणते, मीच बसवलं.” मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली आणून, म्हणाले, “ईश्वरदास, गरज होती तं मले सांगतं ना गा. सारी वस्ती काहून इकली?”

ईश्वरदास गर्दीत गणपतरावला शोधू लागला. तो देवळाच्या पायरीवर होता. “गणपतराव, सांग ना गा. त्या दिवशी सकाळी तूच पुसलं मले, बसला का म्हणून. मी काय म्हटलं?”

“बसलो जी म्हटलं.”

“मंग?”

गणपतरावनं आपल्या घराकडे पाहिलं. रिक्षा येण्याआधी त्या दुपारीच सोसायटीतून घरोघर सुताच्या गड्ड्या आल्या होत्या, जुन्या भावानं. बाजारात सूत मिळत नव्हतं आणि महादेवरावांनी ते कुठून आणलं हे कोणी विचारलं नव्हतं. गणपतरावच्या ओसरीवर त्या गड्ड्या अजून तशाच पडल्या होत्या.

“मी सहज पुसलं,” तो म्हणाला. “तू कोणतं बसणं सांगून राहिला होता, मले काय माहीत?”

साऱ्या नागपुरात या शब्दाचा अर्थ ज्यांना पक्का ठाऊक होता अशी माणसं त्या चौकात उभी होती. त्यांना फसवणं शक्य नव्हतं, आणि ती फसलीही नव्हती. त्यांना घरी जायचं होतं. गड्ड्या उचलून आत ठेवायच्या होत्या.

मतमोजणी झाली. बड्या पक्षाचा उमेदवार आला. ईश्वरदासची अनामत गेली. त्याच्या लग्नात जेवढे पाहुणे जेवले तेवढी मतंही कोष्टीपुऱ्यातल्या केंद्रावर पडली नाहीत, असं लोक म्हणत आणि वर विचारत, “जेवले ते तरी कुठं गेले?” पोरं त्याला पाहून हाताच्या खुणेनं शिडी दाखवत. रंगाऱ्यानं आपली शिडी परत नेली तेव्हा ती पाण्यानं धुऊन घेतली.

हे सगळं त्यानं सोसलं. तो थांबला होता तो ताण्यासाठी. इतवारीच्या शेठचं लुगडं पुरं झालं, नवा ताणा तयार झाला, आणि एका पहाटे त्यानं आणि जनाबाईनं तो गल्लीत पसरला. खळीचं भांडं मधे ठेवलं. दोन्ही टोकं खुंट्यांना बांधली. मग ईश्वरदास ताण्याशी कुंचा घेऊन उभा राहिला आणि वाट पाहू लागला.

दारं उघडली नाहीत. आत माणसं जागी होती. एकेक माग वाजायला लागला होता. गल्ली त्या दिवशी जरा लवकरच कामाला बसली होती.

दोघांनी सुरुवात केली. ती एका बाजूनं, तो दुसऱ्या बाजूनं. खालच्या टोकाला खळ लावावी तोवर वरचं टोक वाळायला लागे. जनाबाई धावत वर जाई, तोवर खालचे धागे एकमेकांना चिकटत. देवळाच्या कळसावर ऊन आलं, मग पत्र्यांवर आलं, मग ताण्यावर उतरलं. सूत कडक झालं. ईश्वरदासनं कुंचा ओढला तेव्हा मधले धागे पटापट तुटले.

जनाबाई गल्लीच्या मधोमध उभी राहिली. “सुताची आण घेतली होती ना रे मेल्याहो! याच्यावर हात ठेवले होते ना!”

“वकिलाले बोलाव ना वं हात लावाले!” कुठल्याशा खिडकीतून उत्तर आलं. पाच-सहा माग एकदम थांबले. आत माणसं हसत असावीत. मग माग पुन्हा सुरू झाले.

“चूप राह्य वं,” ईश्वरदास म्हणाला आणि तुटलेला ताणा गुंडाळू लागला. गुंडाळायची त्याची पद्धत नीटनेटकी होती. बापाची होती तशीच.

त्यानंतर त्यानं आणखी दोनदा ताणा पसरला. तिसऱ्या खेपेला जनाबाई बाहेरच आली नाही. पावसाळाभर माग रिकामा राहिला. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी तापवायला सरपण नव्हतं तेव्हा तिनं मागाचं लाकूड फोडायला काढलं. सैल फळी आधी निघाली, कारण ती सैलच होती. खड्डा मुरूम टाकून बुजवला.

त्याच हिवाळ्यात महादेवरावांचा परवाना आला. कळमन्याच्या रस्त्याला त्यांनी पत्र्याची शेड टाकली आणि यंत्रमाग बसवले. ईश्वरदास काम मागायला गेला तेव्हा त्यांनी त्याला लगेच ठेवून घेतलं. महादेवरावांचं मन मोठं आहे, असं कोष्टीपुऱ्यात सगळ्यांनी म्हटलं. झालं गेलं पोटात घालणारा माणूस.

शेडची पूजा झाली तेव्हा सोसायटीचे लोक आले, गणपतराव आला. कृष्णकांत वकिलांनी आपला जुना टेपरेकॉर्डर महादेवरावांना भेट देऊन टाकला होता; त्यावर भजनांची कॅसेट लावली होती. कोणीतरी जुन्याच कॅसेटवर ती भजनं भरली असावीत. प्रसाद वाटून झाला, भजन संपलं, थोडा वेळ नुसती खरखर आली आणि मग शेडमध्ये खट्-टिक्, खट्-टिक् सुरू झालं.

“जबरदस्ती कायची जी?” टेप म्हणाला. “आपल्या मनानं बसलो. बसल्यावर बरं वाटलं.”

आधी कोणाला कळेना. मग गणपतरावला हसू आवरेना आणि सगळी शेड हसायला लागली. एकानं बंद करायला हात पुढं केला. “राहू दे, राहू दे,” महादेवराव डोळे पुसत म्हणाले, “चांगला आवाज हाय गा आपल्या आमदाराचा.”

ईश्वरदास प्रसादाचा द्रोण हातात धरून ऐकत होता. बोलणं संपलं तरी माग थोडा वेळ वाजत राहिला. वकिलांनी बटण उशिरा बंद केलं असावं. फळी टिक् करत होती. त्याची मान त्या ठेक्यावर किंचित हलत होती आणि उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, पावडी दाबावी तसा. ते पाहून पुन्हा हशा झाला.

मग महादेवरावांनी खटका ओढला. सगळे यंत्रमाग एकदम सुरू झाले आणि एका मागाचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढता येईना. ईश्वरदासला दोन यंत्रांच्या मधली जागा दाखवण्यात आली. तिथं सुताचं एक रिकामं खोकं पडलं होतं. त्यानं ते उपडं केलं, हातानं झटकलं आणि त्यावर बसला.

महादेवराव त्याच्या कानाशी वाकले. त्या गोंगाटात त्यांना ओरडावं लागलं.

“ऊठ गा! इथं बसाचं नसते! या मागावर उभंच राहा लागते!”

ईश्वरदास उभा राहिला.